पाचवी बाई

चितोरा
१४ ऑगस्ट १९९६

सिसी ओतिलिया,

फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. मी एस्नाथ. हो, तीच, तुझी धाकटी बहीण, आठ वर्षांत एक ओळ न लिहिलेली. आज लिहिते आहे ते गळ्यात पडायला नाही. कामाचं आहे. मला झोप येत नाही.

पाच महिने झाले. संध्याकाळपासून पेंगते, अंग टाकते, आणि डोळा लागतो न लागतो तोच पोटातून एक जाळ उठतो तो थेट कानापर्यंत. पांघरूण फेकते. घामाने भिजते, मग थंडी वाजते, मग पांघरूण शोधते, आणि ते तोवर नवऱ्याने स्वतःभोवती गुंडाळून घेतलेलं असतं. त्यानंतर छाती. धड धड धड. आणि माझी खात्रीच पटते की खाणीत काहीतरी कोसळलं आणि माझा लेक तोंगाई गेला. सकाळी कळतं, काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर शेळ्यांची काळजी करत पहाट केली. शेळ्यांची, सिसी! चार शेळ्या आहेत, चारही धडधाकट.

तुझंही तेव्हा असंच होत होतं ना? आता मी तुझ्या त्या वेळच्या वयाची झाले. मला आठवतंय, तू ओल्या फडक्याने मान पुसत बसायचीस. ते थांबलं कधी? कशाने थांबलं? एवढंच सांग. बाकी काही लिहू नकोस.

दवाखान्यात जाऊन आले. गोळी दे म्हटलं. नर्स इयुनिस, पोरगीच आहे, तोंगाईहून लहान, म्हणते कशी, ‘माई तोंगाई, गोळीचं नंतर बघू. आधी सांगा, चहा किती पिता?’

‘माणसं पितात तेवढा.’

‘म्हणजे किती?’

सहा कप, म्हटलं. मग म्हटलं, आठ. साखर किती विचारल्यावर मी उठायलाच निघाले. तिने हाताला धरून बसवलं आणि यादी वाचली. दुपारनंतर चहा बंद. दिवसा लवंडणं बंद. झोप झालेली असो की नसो, रोज एकाच वेळी उठायचं. सकाळच्या उन्हात चालायचं. लोकरीचं पांघरूण काढून सुती चादर घ्यायची. छाती धडधडली की श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर, गरम पेजेवर फुंकर घालतो तसा. आणि सगळ्यात शेवटी, ऐक हं, ‘जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, बाहेर जा, गार वाऱ्यात दोन फेऱ्या मारा आणि मग येऊन पडा.’

बाहेर जा! फेऱ्या मारा! चितोरात! मी विचारलं, ‘बाई, तुझं गाव कुठलं?’ हरारेची निघाली. तरीच.

हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथूनही दिसतंय. पण एक लक्षात ठेव. तेव्हा बोलणारे दुसरे होते. मी गप्प होते.

उत्तर मुतारेच्या बसच्या कंडक्टरजवळ दे. तो आठवड्यातून दोनदा येतो.

एस्नाथ


चितोरा
३ सप्टेंबर

सिसी,

कंडक्टर आईची शपथ घेऊन सांगतो की पत्र तुझ्या हातात दिलं. तू पाकीट उलटसुलट पाहिलंस आणि बाजारातल्या तुझ्या टोमॅटोच्या खोक्याखाली सरकवलंस. म्हणजे मिळालं. म्हणजे उत्तर द्यायचंच नाही. नको देऊस! आपण दोघी चिहेरा, आपल्या कुळातल्या बायकांच्या हट्टाला अख्खा देश हात जोडतो. बघू कोण आधी थकतं.

चहा सोडला. चार दिवस डोकं असं ठणकलं की मी कोंबड्यांनाही शिव्या घातल्या. आता दुपारनंतर झुंबानीचा पाला उकळून पिते. नवरा म्हणतो, ‘घरात आजारी माणूस असल्यासारखा वास येतो.’

‘आहेच आजारी माणूस!’

‘कोण?’

कोण, विचारतो! तीस वर्षं एका चटईवर झोपतोय हा माणूस. मी पांघरूण बदललं तर म्हणाला, ‘लोकरीचं काय वाईट होतं?’ म्हटलं, बाबा तोंगाई, ते तुम्हीच घ्या, दोन्ही घ्या, गाडून घ्या स्वतःला. दिवसभर तोंड फुगवून होता.

आणि फायदा? तीन रात्री चार चार तास झोपले. मला वाटलं, सुटले. चौथ्या रात्री जाळ पुन्हा हजर. त्या पोरीला जाऊन सांगितलं तर म्हणाली, हे हळूहळूच उतरतं, महिन्या-दोन महिन्यांनी फरक बघा. महिना-दोन महिने! तिला काय जातं सांगायला! ती आठ तास झोपून येते.

आता खरी गोष्ट. परवा अंबुया मारुफू काठी टेकत आल्या. पाऊस मागायच्या दारूचे दिवस जवळ आले. ती बनवायला पाळी संपलेल्या पाच बायका लागतात आणि उरल्यात चारच. मी अंगणात भुईमूग सोलत होते, नवरा कुदळीला दांडा बसवत होता, आणि त्याच्या देखत म्हातारीने खडा आवाज लावला, ‘माई तोंगाई, तुझं संपलं का?’

नवऱ्याने मान त्या कुदळीत घातली ती वर काढलीच नाही.

‘संपलं, अंबुया,’ मी म्हणाले.

‘नक्की?’

‘नऊ महिने झाले, चंद्राकडे फिरकले नाही.’

‘मग तू पाचवी,’ म्हणाल्या आणि मूठभर शेंगा उचलून चालू लागल्या.

नंतर मला धाकधूक वाटायला लागली म्हणून नर्सला विचारलं. ती म्हणते, बारा. बारा महिने पूर्ण कोरडे गेले तरच संपलं म्हणायचं, त्याआधी पाळी कधीही परत येऊ शकते. हे मला कुणी आधी का सांगत नाही? पाळी येणाऱ्या बाईचा हात त्या मडक्यांना लागला तर पाऊस पाठ फिरवतो, हे आपण शेंबड्या होतो तेव्हापासून ऐकतोय. पण कोरडी म्हणजे किती महिने कोरडी, हे कुणी सांगत नाही.

जाऊन नाही म्हणायला हवं होतं. नाही गेले. सिसी, इतके महिने हे शरीर नुसतं ओरबाडतंय. झोप घेतली, भूक घेतली, चार माणसांत नीट बोलायची शुद्ध घेतली. पहिल्यांदाच त्याने मला काहीतरी देऊ केलं. त्या बायका बसतात तिथे बसायचा मान. मी कशी सोडू?

आणि पाचवी जागा रिकामी का आहे, हे मला कुणी सांगायला नको. ती तुझी होती.

एस्नाथ


चितोरा
२१ सप्टेंबर

सिसी,

तुझं पत्र नाही. मी आता वाटही बघत नाही. खोटं. बघते. बस दिसली की हातातलं टाकून धावते आणि कंडक्टर लांबूनच मान हलवतो. मेल्याला आता माझी कीव येते.

मी रात्री फिरते. झालं, लिहिलं. दहा दिवस झाले. जाग आली की शाल घेऊन बाहेर पडते, माई शाद्रेकच्या गुरांच्या कुंपणापर्यंत जाते आणि येते. दोन फेऱ्या. वारा मानेला लागला की छाती आपोआप खाली बसते. त्या फुंकरी मारते. परत येऊन पडते ती सकाळपर्यंत. सलग पाच तास झोपले, सिसी, पाच! काल नवऱ्याशी एकदाही भांडले नाही. तो घाबरला. म्हणाला, ‘तुला बरं नाही का?’

म्हणजे त्या हरारेच्या पोरीच्या यादीत एवढं एकच औषध मला असं लागू पडलं, आणि तेवढंच इथे घेता येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते माझी!

सोमवारी विहिरीवर माई शाद्रेकने विचारलं, ‘आमच्या कुंपणाजवळून रात्री कोण जातं ग?’ मी बादली सोडता सोडता म्हटलं, ‘मला काय माहीत? मी मेल्यासारखी झोपते.’ ती माझ्याकडे बघत राहिली. आठ वर्षांपूर्वी बघत होती तशीच.

आता लिहायलाच हवं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी गप्प होते. मी गप्प नव्हते.

तेव्हा माई शाद्रेकचं तान्हं तापाने गेलं. दुसऱ्या दिवशी गावप्रमुख सभुकूंच्या अंगणात अख्खं गाव जमलं आणि त्यांनी विचारलं, ‘रात्री कोण फिरतं?’ रात्री फिरते ती चेटकीण, हे इथे ठरलेलंच. कुणीतरी तुझं नाव घेतलं. मग ते माझ्याकडे वळले. ‘तू तिची सख्खी बहीण. तू कधी पाहिलंस?’ आणि मी म्हणाले, ‘हो. पाहिलंय.’

खरंच तर होतं! इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी काय खोटं बोलले? पण त्याच्या आधीच्याच आठवड्यात तू मला चुलीपाशी सांगितलं होतंस, ‘एस्नाथ, मी आतून जळतेय ग. घरात श्वास कोंडतो, म्हणून फिरते. कुणाला सांगू नकोस, हसतील.’ शब्दन्‌ शब्द मला पाठ होता. मी ‘पाहिलंय’ म्हणाले आणि ‘म्हणून’ गिळून टाकलं. नर्स नव्हती तेव्हा, यादी नव्हती, पण कारण मला माहीत होतं. अख्ख्या अंगणात एकट्या मला.

का गिळलं? सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, चेटकिणीची बहीण म्हणून मलाही धरतील. बस्स. याहून बरं कारण आठ वर्षं शोधतेय, सापडत नाही. संध्याकाळी तुझ्या नवऱ्याने तुझी पेटी बाहेर ठेवली आणि मी खिडकी लावून घेतली.

नाचणी भिजत घातली आहे. घराघरातून एकेक टोपली आलीय. माई शाद्रेकनेही दिली.

एस्नाथ


चितोरा
३ ऑक्टोबर, दुपार

सिसी,

आली.

आज चौथा दिवस. आम्ही पाचही जणी सभुकूंच्या अंगणात, दारूच्या जागेवरच राहतो. नवऱ्याजवळ जायचं नाही, एवढा एकच नियम मला मनापासून आवडला होता. सकाळी पीठ ढवळत होते आणि कळलं. दहा महिन्यांनी. मी म्हटलं, आताच? आताच सुचलं तुला? पोटात तीच जुनी कळ. मला ती आईच्या हाकेइतकी ओळखीची आणि मी तिला इतक्या शिव्या दिल्या की तुझ्याही कानात गेल्या असतील.

कुणाला कळलेलं नाही. जुनं कापड फाडून घेतलं. अंबुया म्हणाल्या, ‘हात का थांबला?’ मी पुन्हा ढवळायला लागले. काय करणार होते? चार रांजण आहेत. प्रत्येक घराने आपल्या तोंडचं काढून दिलंय, आणि मागचा हंगाम कसा गेला ते बाजारात तुझ्याही कानावर आलंच असेल.

मी नाही सांगणार. सांगून काय होईल? सगळं ओतून देतील. आणि नाही सांगितलं तर? पाऊस आला तर कुणाला काही कळणार नाही. आणि नाही आला तर मला एकटीला कळेल. माझा यावर विश्वास आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही, सिसी. दिवसा नसतो. आडवी झाले की असतो. श्वासाच्या फुंकरी मारून मारून ओठ दुखायला लागले, छाती काही ऐकत नाही. त्या पोरीच्या यादीत यावर काही नाही.

अर्धं बोलण्यात आपला हात कुणी धरणार नाही, म्हटलं. सवय आहे. अजून तीन दिवस गप्प राहायचंय.

कंडक्टर हॉर्न वाजवतोय. देते.

ए.


चितोरा
८ ऑक्टोबर

सिसी ओतिलिया,

सांगितलं.

सातव्या दिवशी सकाळी. दारू गाळायला घ्यायची होती, सभुकू पहिली चव घ्यायला येऊन बसले होते, नाचणी दिलेल्या घरांतल्या बायकाही गोळा झाल्या होत्या. तीन दिवस माझा डोळा लागला नव्हता. अंबुयांनी गाळणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘पाचवीने सुरुवात करायची.’ मी ते खाली ठेवलं.

‘ओतून द्या, अंबुया. मला पाळी आलीय. चौथ्या दिवसापासून.’

काय गलका झाला म्हणून सांगू! सभुकू ताडकन उठले. ‘सात दिवस! घरटी एक टोपली! आणि ही आज सांगते!’ एक म्हणाली लाज नाही, एक म्हणाली मुद्दामच केलं. माझा नवरा कुंपणाबाहेर पुरुषांत उभा होता, तो तिथून ओरडला, ‘अहो, तिला झोप येत नाही, तिला काही सुचत नाही!’ तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला आणि तेही मी वेडी आहे म्हणून. पण बोलला.

‘झोप का येत नाही?’ सभुकूंनी विचारलं. नुसतं विचारलं, सिसी. पण तेच अंगण, तोच माणूस, तोच आवाज. आणि माझं डोकं फिरलं.

म्हटलं, ‘आतून जाळ उठतो म्हणून. छाती धडधडते म्हणून. घरात श्वास कोंडतो, म्हणून मी रात्री उठून बाहेर फिरते. माई शाद्रेक, तुझ्या कुंपणाजवळून जाते ती मीच. आणि आठ वर्षांपूर्वी जायची ती सिसी ओतिलिया, याच कारणासाठी. ती मला सांगून फिरत होती. मला माहीत होतं आणि मी इथे उभी राहून अर्धंच बोलले. तुझ्या बाळाला ताप होता, माई शाद्रेक. नुसता ताप. आता मला चेटकीण म्हणायचं असेल तर म्हणा. मी आज रात्रीही फिरणार आहे.’

माई शाद्रेक जिथे होती तिथेच खाली बसली. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. तिच्यावर मला चिडता येत नाही.

चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. अंबुया मारुफू काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘माहीत होतं आम्हाला.’

‘काय माहीत होतं?’

‘ओतिलिया का फिरायची ते. आम्हीही त्या वयात फिरलोच की. मी फिरले, ही फिरली.’ बाकीच्या तिघींकडे काठी दाखवली. तिघीही जमिनीकडे बघत होत्या. ‘आम्ही फिरलो तेव्हा कुणाचं मूल गेलं नाही, एवढंच.’

सिसी, मी ओरडले, ‘मग बोलला का नाहीत? एक शब्द! तुमच्यापैकी एकीने!’

म्हातारीने माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘तुझ्या तोंडाकडे बघत होतो आम्ही. सख्खी बहीण बोलली की आम्ही बोलणार होतो.’

मला मान खाली घालावी लागली. मला. चिहेराला.

मी चुकले, सिसी. भ्याले आणि तुला विकलं. माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण हे वाक्य पहिल्याच पत्रात पहिल्याच ओळीत यायला हवं होतं आणि मी तुला चहाच्या कपांचा हिशेब लिहीत बसले.

दारू ओतली. चारही रांजण. पुन्हा नाचणी गोळा होतेय, या खेपेला चौघीच करणार आणि अंबुया म्हणतात, पाऊस काही मोजायला येत नाही. हेही आधी सुचलं असतं तर! मी त्या संध्याकाळी घरी आले, आडवी झाले आणि उठले ती ऊन अंगावर आल्यावर. जाळ गेलेला नाही, काल पुन्हा आला होता. मी फिरायला निघाले तर कुंपणाशी त्या तिघींपैकी एक, माई विनेट, शाल घेऊन उभी. साठ उलटून गेलीय. म्हणाली, ‘मला अजून होतं ग.’ आम्ही दोन फेऱ्या मारल्या.

आज सभुकूंनी निरोप धाडला, ‘ओतिलियाला कळव, तिने यायला हरकत नाही.’ मी तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. हरकत नाही? ती काय हौसेने गेली होती? कळवायला मी पोस्टमन आहे? तुम्ही घालवलंत, तुम्ही जा, तिच्या दारात उभे राहा आणि तुमच्या तोंडाने बोला. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, गुडघे दुखतात म्हणाले. अंबुया म्हणाल्या, ‘माझे दुखत नाहीत का? चला.’

तर शुक्रवारच्या बसने दोघंही येताहेत. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर त्यांना बसायला देऊ नकोस लगेच. आठ वर्षांचं साचलेलं सगळं ऐकव, एक शब्द गिळू नकोस. मी मुद्दामच येत नाहीये त्यांच्याबरोबर. गर्दीत माझ्या वाट्याला कमी येईल. त्यांचं झालं की पुढच्या बसने मी येते. मग माझी पाळी.

तुझी,
एस्नाथ